तीन बोटांवाले काका

देवळीहून वर्ध्याला येणाऱ्या बसमध्ये एकदा कंडक्टर तिकीट देताना काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, पुढे सरका म्हणतोय, म्हणून मी सरकले. काका सरकले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कंडक्टरच्या गालांकडे टक लावून पाहिलं आणि भरल्या गाडीत त्याला म्हणाले, "आ करा."

कंडक्टर आधी हसला, मग चिडला. काकांना दोन्हीचं काही नव्हतं. त्यांनी आपल्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची तीन बोटं एकावर एक उभी धरून दाखवली आणि तशीच स्वतःची बोटं तोंडात घाला म्हणून सांगितलं. गाडी थांब्यावर उभी, घंटी कंडक्टरच्या हातात, आणि काका काही त्याला सोडायला तयार नाहीत. मागचे लोक ओरडायला लागले, घाला हो एकदाची. शेवटी पिच्छा सुटावा म्हणून त्यानं बोटं घातली. दोन गेली. तिसऱ्यासाठी जबडा उघडेना. गाडीतलं हसणं बंद झालं. काकांनी त्याला सोमवारी सकाळी दवाखान्यात यायला सांगितलं, आणि येताना खर्रा घरी ठेवून यायला सांगितलं. सोमवारी तो खाकी कपड्यांतच आला.

मी तेव्हा आमच्या मेडिकल कॉलेजातल्या एका संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून नुकतीच लागले होते. काका तिथले सगळ्यात जुने लॅब टेक्निशियन. राहायचे नाचणगावला आणि रोज बसनं यायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, पण रक्त काढण्यात त्यांच्या हाताला तोड नव्हती म्हणून मॅडमनी, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टरांनी, त्यांना आमच्याकडे मागून घेतलं होतं. मी देवळीची, त्यामुळे परतीच्या बसमध्ये अर्धा रस्ता त्यांची सोबत असायची. सोबत कसली, धास्तीच. आज कोणाला तोंड उघडायला लावतील याचा नेम नसायचा.

तीन बोटांची तपासणी काही काकांनी शोधून काढलेली नव्हती. आमच्या भागात खर्रा चालतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून तळहातावर घोटायचा आणि दिवसभर गालात धरायचा. वर्षानुवर्षं असं केलं की गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. अशातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का, ही त्यावरची साधी चाचणी. डॉक्टर ती ओपीडीत करतात. काका ती न्हाव्याच्या दुकानात, मयतीत, स्टेट बसमध्ये, कुठंही करायचे. मुलीच्या सोयरिकीला पाहुणे आले तेव्हा पोहे पुढे यायच्या आत त्यांनी मुलाला आ करायला लावलं होतं. मुलगा पास झाला, मुलाचा बाप नापास. लग्न ठरलं आणि व्याह्यांचा उपचारही त्याच आठवड्यात सुरू झाला. नाचणगावात तर लोक त्यांना लांबून पाहून आधी तीन बोटं वर करायचे आणि मग जयभीम म्हणायचे. काका त्यावर खूश नव्हते. नुसती वर करून काय उपयोग, आत जायला पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

प्रकल्प काय होता तेही सांगायला हवं, कारण काकांचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. शरीरात कुठं गाठ वाढायला लागली की रक्तातल्या पेशींना त्याची चाहूल लागत असावी, असा मॅडमचा आणि जगातल्या आणखी बऱ्याच लोकांचा अंदाज. जनुकं बदलत नाहीत, पण काही जास्त काम करायला लागतात, काही थंडावतात. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर असलेल्यांचं रक्त आणि त्याच वयाच्या, त्याच गावच्या निरोगी माणसांचं रक्त शेजारी शेजारी ठेवून कोणती जनुकं वेगळी वागतात ते शोधायचं. तशी थोडीशी जरी नक्की सापडली, तर पुढेमागे नळीभर रक्तावरून लवकर संशय घेता येईल. हे मी लोकांना समजावून सांगायला लागले की समोरचा जांभई द्यायचा. काका एका दमात सांगायचे, "गाव तेच, घरं तेच, सगळ्यायच्या घरी लाइट तेच. फक्त कोनाचं मीटर जोरात फिरून राह्यलं, तेवढं आमी पाहून राह्यलो." लोक लगेच मान डोलवायचे. पुढे ते स्वतःहून जोडायचे की आता रक्तातच कॅन्सर दिसते, आणि मग मॅडम त्यांना बोलावून झापायच्या. अजून काही दिसत नाही, आपण शोधतोय, असं त्या दर वेळी सांगायच्या. काका दर वेळी हो म्हणायचे.

रक्ताच्या बाबतीत त्यांचं सोवळं मोठं होतं. या कामाच्या नळ्या वेगळ्या असतात. आत औषधी पाणी असतं आणि रक्त आत पडल्याबरोबर नळी हळूहळू दहा वेळा उलटीसुलटी करावी लागते, नाहीतर ज्यासाठी रक्त घेतलं तेच विरघळून जातं. मी पहिल्या दिवशी नळी सरबतासारखी हलवली. काकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "रक्त म्हंजे पाव्हना हाय बाई," ते म्हणाले. "दारात आला का लगेच बसवा लागते. गदागदा हालवलं तं उठून जाते." मग त्यांनी स्वतः दहा वेळा उलटी केली, ओठातल्या ओठात मोजत. मध्ये कोणी काही विचारलं तर ते उत्तर द्यायचे नाहीत आणि आकडा चुकला म्हणून आणखी दोन वेळा उलटायचे. आमच्या खोलीत एकदा डीनसाहेब येऊन नमस्कार करून तसेच उभे राहिले होते, काका सातवर होते म्हणून.

कागदांच्या बाबतीतही तसंच. चूक झाली तर पांढरा रंग लावायचा नाही, गिरवायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. खाली काय चुकलं होतं ते वाचता आलं पाहिजे. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मी घरी किराणाच्या यादीतही तशा रेघा मारायला लागले.

बाकी तऱ्हा पुष्कळ होत्या. खर्रा त्यांनी कधीच सोडला होता, पण खर्र्याचा प्लास्टिकचा कागद, रिकामा आणि धुतलेला, शर्टाच्या खिशात असायचा. काही बिनसलं की तो काढून तळहातावर घोटत बसायचे. आत काही नसायचं. डब्यात कायम वरणभात, तोही कालवून पार गिळगिळीत केलेला, आणि जेवायला बसायचे भिंतीकडे तोंड करून. वर्ध्याचा माणूस आणि तिखट खात नाही म्हणजे नवलच. कोणी भजी आणली तर पुढे सरकवायचे, पोटाचं कारण सांगायचे. भाकरी कधी आणली तर चहात भिजवून. आम्ही त्यांची टिंगल करायचो. सासऱ्यानं यांना घरजावई करून दूधभाताची सवय लावली असणार, असं मीच एकदा म्हणाले होते आणि सगळे हसले होते. काकाही हसले, ओठ मिटून. ते नेहमी ओठ मिटूनच हसायचे. मी रोज दहा माणसांच्या तोंडात टॉर्च मारत होते आणि हे सगळं माझ्यासमोर घडत होतं.

वडनेरला आम्ही शिबिर घेतलं तेव्हा शेतात सोयाबीन उभं होतं. निरोगी गटात पन्नाशीच्या पुढचे पुरुष कमी पडत होते. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सकाळपासून माणसं जमली, पण शर्टाची बाही वर करायला एक जण तयार नव्हता. रक्त दिलं की अशक्तपणा येतो, आणि रक्त नेऊन हे लोक करतात काय, असे दोन प्रश्न हॉलभर फिरत होते. मी सगळं समजावून सांगितलं, संमतीचा कागद वाचून दाखवला. उलट दोन जण उठून गेले. तेव्हा काका खुर्चीत जाऊन बसले, बाही वर केली आणि मला म्हणाले, "पह्यले माझं घे."

मी घेतलं. सगळा हॉल पाहत होता. नळी भरल्यावर त्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि कोपराच्या घडीत कापूस तसाच दाबून दुसऱ्या हातानं दहा वेळा उलटी केली. मग म्हणाले, झालं, आता मी चहा पितो, आणि खरंच प्याले. अर्ध्या तासात सतरा माणसं रांगेत उभी राहिली. त्या दिवशीचं आमचं काम काकांच्या हातामुळे झालं, यात शंका नाही.

आता फॉर्म. निरोगी गटात घ्यायच्या प्रत्येक माणसाचं तोंड दोघांनी तपासायचं आणि दोघांनी सह्या करायच्या, असा नियम. पहिली सही काकांची, दुसरी माझी. काकांनी स्वतःच्या फॉर्मवर यादीतला पुढचा, एकतीस नंबर टाकला, 'तोंड तपासले, स्वच्छ' असं लिहून सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्यांच्या स्वतःच्या तोंडाला पहिला तपासणारा कोणी उरलाच नव्हता, म्हणजे दुसऱ्यानं तरी पाहायला हवं होतं. मी टॉर्च उचलला होता. मला आठवतंय, नक्की उचलला होता. पण ज्यांनी मला सुई धरायला शिकवलं, अख्खा जिल्हा ज्यांना आ करून दाखवतो, त्यांना पन्नास माणसांदेखत आ करा म्हणायचं माझ्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. बरं दिसत नाही, असं वाटलं. मी सही केली.

निकाल आला तेव्हा कापसाची शेवटची वेचणी चालली होती. नमुने बाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये गेले होते आणि तिथून रंगीत चौकोनांचा एक तक्ता आला. कॉम्प्युटरला नावं माहीत नसतात, कोण रोगी आणि कोण निरोगी तेही सांगितलेलं नसतं. तो फक्त सारख्या दिसणाऱ्यांना शेजारी बसवतो. रोगी बहुतेक डावीकडे गोळा झाले होते आणि निरोगी बहुतेक उजवीकडे. मॅडमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आनंद पाहिला. मग त्यांनी पेन्सिलीनं एका रकान्यावर टिचकी मारली. डाव्या घोळक्याच्या अगदी मधोमध एक निरोगी नमुना बसला होता. एकतीस नंबर.

नंबर कोणाचा, ते मॅडमना माहीत नव्हतं. नावांची वही कुलपात होती आणि ती उगाच उघडायची नाही, असा नियम होता. त्या शांतपणे म्हणाल्या की नळ्यांची अदलाबदल झाली असेल, किंवा त्या माणसाला त्या दिवशी ताप असेल, आणि एका नळीवरून कोणत्याही माणसाबद्दल काहीही म्हणता येत नाही. ते बरोबरच होतं. आजही बरोबर आहे. तशी कोणतीही चाचणी अजून आमच्या ओपीडीत नाही. पण मला वही उघडायची गरज नव्हती. वडनेरची पहिली नळी माझ्या हातानं भरली होती.

मी मॅडमना नंबर कोणाचा ते सांगितलं नाही. सहीचं सांगितलं. त्या फॉर्मवर मी तोंड न पाहता सही केली आहे, एवढंच. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "मग आता काय करणार आहात?" मी म्हणाले, पाहून येते.

काका जेवत होते, भिंतीकडे तोंड करून. मी त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये स्टूल ओढून बसले. डबा अर्धा झाला होता. माझ्या हातात टॉर्च पाहून त्यांनी चमचा खाली ठेवला.

"काका," मी म्हणाले, "वडनेरच्या तुमच्या फॉर्मवर मी न पाह्यता सही केलती. आज पाह्यते. आ करा."

त्यांनी खिशातून तो रिकामा कागद काढला आणि घोटायला लागले. किती तरी वेळ घोटत होते. मग विचारलं, "माझं मीटर फिरून राह्यलं काय बाई?"

"मशीनचं मी काही सांगू नाई शकत. मले फक्त माही सही खरी करायची हाय."

त्यांनी उजवा हात वर केला, तीन बोटं उभी धरली आणि तोंडाकडे नेली. पहिलं गेलं. दुसरं नखापर्यंत गेलं आणि अडलं. तिसरं बाहेरच राहिलं. मी टॉर्च लावला. गालाची कातडी पांढरी आणि ताठ, आणि डावीकडे शेवटच्या दाढेमागे एक लाल चट्टा, मध्ये जखम. रोगी गटात असे मी इतके पाहिले होते की मला कोणाला विचारावं लागलं नाही. काकांनी माझं मनगट धरून टॉर्च स्थिर केला.

वडनेरच्या आधीपासून ती जखम आपल्याला माहीत होती, असं त्यांनी सांगितलं. दोनच बोटं जातात हे तर चार वर्षांपासून. मला राग आला, खरंच राग आला, आणि मी विचारलं की मग त्या दिवशी सही काऊन केली.

"दुसऱ्याच्या तोंडात पाह्याले मले कधी भेव नाई वाटलं," ते म्हणाले. "आरशापुढे उभा राह्यलो का वाटे. तू म्हनशीन असं वाटलं होतं, आ करा म्हून. तू म्हनलं नाई, तं मले बरं वाटलं."

मी टॉर्च बंद केला. डबा त्यांनी पुढे खाल्ला नाही.

त्याच दुपारी जखमेचा तुकडा काढला आणि तपासायला गेला. कॅन्सर निघाला, ऑपरेशन ठरलं. सर्जन म्हणाले, अजून हाताबाहेर गेलेलं नाही, पण सोयाबीनच्या दिवसांत आला असता तर बरंच कमी कापावं लागलं असतं. किती कमी, ते मी विचारलं नाही. वडनेर ते त्या दुपारपर्यंतचे महिने मी अजून मोजते. मशीननं एवढा फेरा घालून जे सुचवलं, ते त्यांचीच तीन बोटं पहिल्या दिवशी सांगून मोकळी झाली असती. त्या बोटांना फक्त कोणीतरी आ करा म्हणायला हवं होतं.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी काका वडनेरचा फॉर्म मागायला आले. 'तोंड तपासले, स्वच्छ' यावर त्यांनी एक आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं 'तपासले नव्हते' आणि सही केली. मग पेन माझ्यापुढे धरला. मीही माझ्या सहीवर रेघ मारली आणि तेच लिहिलं. खालचं सगळं वाचता येतं. तो कागद फायलीत तसाच आहे.

एकतीस नंबरचं काय करायचं, यावरून त्यांचं मॅडमशी वाजलं. त्यांचं म्हणणं, मला डावीकडे, रोग्यांत धरा, मशीननं बसवलंच आहे. मॅडमचं म्हणणं, निरोगी म्हणून घेतलेला नमुना नंतर सोयीप्रमाणे इकडचा तिकडे करता येत नाही, तो दोन्हीकडून बाद. काका फुगून बसले. ना इकडचा ना तिकडचा, असं दोन दिवस म्हणत होते. शेवटी रोगी म्हणून नवा नंबर, नवा फॉर्म आणि नवी नळी असं ठरलं. रक्त मीच घेतलं. नळी त्यांच्याकडे दिली नाही. मी हळूहळू उलटी करत होते आणि ते पलंगावर बसून माझ्याबरोबर ओठातल्या ओठात मोजत होते. आठवर नर्सनं काहीतरी विचारलं. आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही.

ऑपरेशननंतर त्यांच्या गालावरून हनुवटीपर्यंत एक शिवण आली आणि बोलणं जड झालं. निवृत्ती त्यांनी सुट्टीतच घेतली. तोंड उघडायच्या व्यायामासाठी लाकडी चपट्या काड्या देतात. त्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू संख्या वाढवायची. काका त्या काड्यांची वही ठेवतात. तिच्यातही चुकीवर एकच आडवी रेघ असते. 'आ करा' आता त्यांच्या तोंडून नीट निघत नाही, म्हणून गावात कोणी भेटला की ते नुसती तीन बोटं वर करतात. समोरचाही वर करतो. मग काका तशीच धरून उभे राहतात, समोरचा आत घालून दाखवेपर्यंत.

मी आता बसमध्ये कोणाला आ करायला लावत नाही, तेवढा धीर मला नाही. पण दवाखान्यात मोठा कोण, लहान कोण, हे पाहायचं सोडलं आहे. परवा एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी 'आ करा' म्हणाले, तर ते रागावले. मी टॉर्च खाली ठेवला नाही.

काका तीन महिन्यांनी तपासणीला येतात. मागच्या वेळी माझ्याच टेबलावर आले. मी टॉर्च लावला, गाल पाहिला, दाढेमागची शिवण पाहिली. दोन बोटं पूर्ण गेली आणि तिसऱ्याचं टोक टेकलं. नवीन चट्टा कुठंही नव्हता. मला इतका आनंद झाला की मी लगेच फॉर्म ओढला, लिहिलं आणि सहीसाठी पेन टेकवला. त्यांनी माझा हात धरला.

"परत पाह्य," ते म्हणाले. एकेक अक्षर सोडवून म्हणाले.

मी पेन खाली ठेवला, टॉर्च उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग सही केली.